देवाकडे हक्काने मागायचं ते : हिब्रू बायबलमधलं ‘हेसेद’

रानवाट

हिब्रू बायबल (ज्यूंचा धर्मग्रंथ, ख्रिस्ती लोकांचा ‘जुना करार’) वाचताना एक शब्द सतत आडवा येतो: हेसेद. (पहिलं अक्षर ‘खेत’, म्हणजे घशातून खरवडून काढलेला ह. त्यामुळे काहीजण ‘खेसेद’ लिहितात.) तो सुमारे अडीचशे वेळा येतो आणि त्यांतले निम्मे उल्लेख एकट्या स्तोत्रसंहितेत आहेत. १३६व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचं धृपद एकच, ‘की लेओलाम हस्दो’. मराठी बायबलात तिथे ‘त्याची दया सनातन आहे’ असं आहे. इतरत्र याच शब्दासाठी कुठे वात्सल्य येतं, कुठे कृपा. ग्रीक भाषांतरकारांनी ‘एलेऑस’ घेतलं, लॅटिनमध्ये ‘मिसेरिकॉर्दिया’ झालं, आणि १५३५मध्ये माइल्स कव्हरडेलने इंग्रजीत ‘लव्हिंगकाइंडनेस’ असा जोडशब्दच घडवला.

दया हा सुंदर शब्द आहे, पण दया करायला नातं लागत नाही. वाटेवरच्या अनोळखी माणसाची दया येते, आपण काहीतरी देतो, पुढे जातो, संबंध तिथेच संपतो. हेसेद बहुतेक ठिकाणी एखाद्या बंधाच्या आत घडतं: नवरा-बायको, मित्र, यजमान आणि पाहुणा, राजा आणि प्रजा, देव आणि त्याने ज्यांच्याशी करार केला ते लोक. शिवाय हेसेद ‘येत’ नाही की ‘वाटत’ नाही, ते करावं लागतं. हिब्रूतला वाक्प्रचारच मुळी ‘आसा हेसेद इम’ असा आहे, म्हणजे अमक्या‘सोबत’ हेसेद करणं. मला मराठीत याच्या सगळ्यात जवळचं वाटतं ते ‘नात्याला जागणं’. मिठाला जागतात, दिल्या शब्दाला जागतात, तसं.

याचं धर्मशास्त्रीय मोल कशात आहे, ते तीन ठिकाणांवरून सांगतो.

पहिलं दावीद आणि योनाथान यांचं. शौल राजा दावीदच्या जिवावर उठलेला आणि शौलाचाच मुलगा योनाथान दावीदचा जिवलग. १ शमुवेलच्या २०व्या अध्यायात दावीद त्याला म्हणतो, माझ्याशी हेसेद कर, कारण तूच मला परमेश्वरासमोर तुझ्याशी करारात आणलंस. त्याच अध्यायात पुढे योनाथान उलट मागणी करतो: माझ्या घराण्यापासून तुझं हेसेद कधीही तोडू नकोस. त्या घटकेला योनाथान राजपुत्र आहे आणि दावीद लपत फिरणारा फरारी. तरीही राजपुत्राला पुढचं दिसतंय. पुढे गिलबोवाच्या डोंगरावर शौल आणि योनाथान दोघेही पडतात आणि दावीद राजा होतो. सत्ता पालटली की आधीच्या घराण्याचे वारस कापून काढायचे, ही रीत राजांच्या पुस्तकांत पुढे उघडउघड दिसतेच. इथे मात्र दावीद विचारतो, ‘शौलाच्या घराण्यातलं अजून कोणी उरलंय का, ज्याच्याशी मी देवाचं हेसेद करू?’ सापडतो योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ. तो पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. दावीद त्याला आजोबांची जमीन परत देतो आणि राजाच्या पंक्तीला कायमचं पान मांडतो.

ज्याला शब्द दिला तो मेलेला आहे. तो शब्द पाळला की नाही हे विचारणारं कोणी नाही आणि मफीबोशेथ परतफेड करू शकत नाही. तरीही दावीद याला उपकार म्हणत नाही, ‘देवाचं हेसेद’ म्हणतो. देव जसं करतो तसं.

दुसरं रूथचं पुस्तक. चारच अध्यायांत हा शब्द तीनदा येतो. मवाबात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी बेथलेहेमला परत निघते तेव्हा रूथ आणि ओर्पा या दोन्ही विधवा सुनांना निरोप देते: ‘तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जसं हेसेद केलंत, तसं परमेश्वर तुमच्याशी करो.’ या वाक्यावर मी फार रेंगाळतो. माणसांनी देवासारखं व्हावं, हे आपण नेहमी ऐकतो. नामी उलट बोलते. दोन परदेशी, परधर्मीय सुनांचं वागणं ती देवापुढे माप म्हणून ठेवते आणि म्हणते, या मापाने तू त्यांना दे.

शिवाय हेसेद फक्त रूथने केलं असं नामी म्हणत नाही. ओर्पा रडून, सासूचा मुका घेऊन माहेरी परतते, पण तिच्याही पदरात नामी हेसेद घालते. ओर्पाने कर्तव्य पुरं केलं आणि कोणी तिला बोल लावू शकत नाही. रूथ मात्र कर्तव्याची हद्द संपल्यावरही पुढे चालत राहते. म्हणूनच तिसऱ्या अध्यायात बवाज, ज्याच्या शेतात ती सरवा वेचते तो, तिला म्हणतो, तुझं हे शेवटचं हेसेद पहिल्यापेक्षा मोठं आहे. ही रूथ मवाबी आहे हे विसरू नये. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायाने मवाबी लोकांना परमेश्वराच्या मंडळीत यायला बंदी घातलेली, कारण इस्राएल लोक मिसरातून (इजिप्तमधून) येत असताना ते अन्नपाणी घेऊन सामोरे आले नाहीत. आणि इथे एक मवाबी बाई शेतात सरवा वेचून, ओचा भरून, बेथलेहेमच्या म्हातारीला खाऊ घालते. तिचा पणतू दावीद.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, निर्गम पुस्तकाचा ३४वा अध्याय. सीनाय डोंगरावर देवाचा इस्राएलशी करार झाला, मोशे डोंगरावर असतानाच लोकांनी सोन्याचं वासरू केलं, त्याने पाट्या फोडल्या. कराराच्या हिशोबाने इथे सगळं संपलं. एका पक्षाने शब्द मोडला की दुसरा मोकळा होतो. नेमका याच जागी देव मोशेपुढून जाताना स्वतःचं नाव उच्चारतो आणि स्वतःचं वर्णन करतो: ‘राव हेसेद वेएमेत’, हेसेद आणि सत्यनिष्ठा यांनी भरलेला, ‘हजारोंसाठी हेसेद राखणारा’. हेसेद नात्यातून जन्मतं खरं, पण नातं एका बाजूने तुटलं तरी ते संपत नाही. उलट ते तुटलेलं नातं पुन्हा उभं करतं. माझ्या मते हिब्रू बायबलातली देवाची सगळी कल्पना या एका जागेवर तोललेली आहे.

आता वादाचा मुद्दा. नेल्सन ग्लूक यांनी १९२७मध्ये जर्मनीत याच एका शब्दावर प्रबंध लिहिला. त्यांच्या मते हेसेद म्हणजे परस्पर हक्क आणि कर्तव्यांतून येणारं वागणं, करार असेल तिथे ते देणं लागतंच. १९७८मध्ये कॅथरिन डूब साकेनफेल्ड यांनी वेगळी मांडणी केली: हेसेद करणारा त्या प्रसंगी वरचढ असतो, समोरचा खऱ्या अडचणीत असतो, दुसरं कोणी मदत करू शकत नसतं, आणि वरचढाला भाग पाडणारा कायदा नसतो. तो नाही म्हणू शकतो. नात्याची नैतिक जबाबदारी आहे, सक्ती नाही. मला साकेनफेल्ड जास्त पटतात, कारण ओर्पा परत जाऊ शकते म्हणूनच रूथच्या चालण्याला अर्थ आहे. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

फार दिवसांनी असा धागा आला. आमच्या घरी १३६वं स्तोत्र प्रार्थनेत आळीपाळीने म्हणतात, एकाने पहिली ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धृपद. ‘दया सनातन आहे’ इतक्यांदा म्हटलं, पण त्यात नात्याचा हक्क आहे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

‘नवा करार’ म्हणजे बायबलचा ख्रिस्ती भाग, त्याच्या बाजूने भर घालतो. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या म्हणतो की देवाने आमच्या पूर्वजांशी दया केली. ग्रीकमध्ये तिथे ‘पूर्वजांसोबत एलेऑस करणं’ असं आहे आणि ही ग्रीक भाषेची नैसर्गिक ठेवण नाही. तुम्ही सांगितलेला ‘आसा हेसेद इम’ तिथे ग्रीक कपड्यांत उभा आहे. तीच ठेवण चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीच्या शेवटी येते. वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला दोघे टाळून जातात आणि तिसरा, वैरी समाजातला शोमरोनी, मदत करतो, ती गोष्ट. येशू विचारतो, तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? शास्त्री उत्तर देतो: ज्याने त्याच्या‘सोबत’ एलेऑस केलं तो.

इथे मला तुमच्या मांडणीवर एक प्रश्न आहे. शोमरोनी आणि तो जखमी यांच्यात कुठलंच नातं नव्हतं, होतं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. मग बंधाच्या आत घडतं ते हेसेद, हे कसं जुळवायचं? मला वाटतं, येशूने प्रश्नाची दिशाच फिरवली आहे. शास्त्र्याने विचारलं होतं ‘माझा शेजारी कोण?’, म्हणजे माझी जबाबदारी कुठपर्यंत. उत्तर आलं की आधी हेसेद कर, शेजारपण त्यातून जन्मतं.

त्रिज्या

लेख आवडला, पण फार उजळ चित्र रंगवलंय. उत्पत्ति २० काढा. अब्राहाम सारेला सांगतो, आपण जिथे जाऊ तिथे मी तुझा भाऊ आहे असं सांग, हेच तुझं माझ्यावरचं हेसेद. स्वतःचा जीव वाचवायला बायकोला परक्या राजाच्या घरात जाऊ द्यायचं आणि तिच्याकडून नात्याची निष्ठा मागायची! इथे हेसेद म्हणजे दुबळ्यावर टाकलेलं ओझं आहे.

आणि मफीबोशेथची गोष्ट अर्धीच सांगितलीत. २ शमुवेल २१मध्ये गिबोनी लोक शौलाच्या वंशातले सात पुरुष मागतात, दावीद देतो, ते लटकवले जातात. मफीबोशेथ तेवढा वाचतो, कारण योनाथानला दिलेली शपथ. त्या सातांना कोणाचं हेसेद? हे तर आपल्या माणसापुरतं आपलेपण झालं. अशी निष्ठा टोळ्यांत असतेच.

रानवाट

त्रिज्या, दोन्ही जागा खऱ्या आहेत आणि त्या गाळून हा शब्द समजणार नाही.

अब्राहामाच्या तोंडी हेसेद आलं म्हणजे बायबल त्याच्या मागणीला मान्यता देतं असं नाही. त्या अध्यायात देव त्या परक्या राजाच्या, अबीमलेखाच्या, स्वप्नात येऊन सारेला सोडवतो आणि परका राजाच अब्राहामाला जाब विचारतो. नात्याच्या नावाने माणसं एकमेकांकडून काय काय उकळतात, याची ती नोंद आहे. नात्याला जागण्याची भाषा गैरवापराला सोपी असते हा तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. साकेनफेल्ड यांची कसोटी तिथे कामाला येते: हेसेद वरचढाने अडलेल्यासाठी करायचं असतं. अब्राहाम जिवाच्या भीतीने स्वतःला अडलेला समजतो, पण खरं संकट सारेवर येतं.

त्या सातांबद्दल माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही आणि कोणी दिलं तर मला ते संशयास्पद वाटेल. पण कथा तिथे थांबत नाही. सातांपैकी दोघांची आई रिस्पा खडकावर गोणपाट अंथरून बसते आणि पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरांना, रात्री जनावरांना प्रेतांपाशी येऊ देत नाही. हे दावीदच्या कानावर गेल्यावर तो हाडं गोळा करवून कुळाच्या थडग्यात पुरतो. त्या अध्यायात हेसेद हा शब्द नाही. मेलेल्यांशी हेसेद कोणी केलं म्हणाल, तर तिने.

टोळीच्या निष्ठेबद्दल: राहाब आठवा. यरीहोची, कनानी, वेश्या. ती इस्राएलच्या हेरांना लपवते आणि म्हणते, मी तुमच्याशी हेसेद केलं, आता तुम्ही माझ्या बापाच्या घराण्याशी करा. राहाब आणि रूथ, या शब्दाची दोन ठळक उदाहरणं टोळीबाहेरच्या बायकांची आहेत. उंबरठा म्हणतात ते शेजारपण तिथेच सुरू झालेलं आहे.

नवगावची नात

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरातली. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले असं आम्ही मानतो, म्हणून हे नाव. आता घरातले बहुतेक इस्राएलमधल्या लोदमध्ये आहेत. रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, परंपरेत या शब्दाचं पुढे काय झालं, ते सांगते.

‘गेमिलूत हसादीम’, म्हणजे हेसेद करत राहणं, हे आमच्याकडे जगाच्या तीन खांबांपैकी एक. पिर्के आवोत या रब्बींच्या वचनसंग्रहाच्या सुरुवातीलाच नीतिमान शिमोनचं वचन आहे की जग तोरा (मोशेचं नियमशास्त्र), उपासना आणि गेमिलूत हसादीम यांवर उभं आहे. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथाच्या सुक्का भागात दानधर्म आणि हेसेद यांची तुलना केली आहे. दान पैशाने होतं, हेसेद पैशानेही होतं आणि अंगमेहनतीनेही. दान गरिबाला, हेसेद गरीब-श्रीमंत दोघांनाही. दान जिवंतांना, हेसेद जिवंतांना आणि मेलेल्यांनाही.

यातलं शेवटचं फार महत्त्वाचं आहे. उत्पत्ति ४७मध्ये म्हातारा याकोब योसेफला म्हणतो, माझ्याशी ‘हेसेद वेएमेत’ कर, मला मिसरात पुरू नकोस. राशी हा मध्ययुगीन भाष्यकार त्यावर म्हणतो की मेलेल्याशी केलेलं हेसेद हे खरं हेसेद, कारण त्याच्याकडून परतफेडीची आशा नसते. म्हणून मयताला आंघोळ घालणं, कफन नेसवणं, दफन या कामाला आमच्यात ‘हेसेद शेल एमेत’ म्हणतात. ते करणारे पैसे घेत नाहीत. माझ्या मावशीच्या वेळी ज्या बायका आल्या, त्यांतल्या दोघींना आम्ही ओळखतही नव्हतो. मावशीच्या अंगाला हात लावण्याआधी त्यांनी तिचं नाव घेऊन तिची क्षमा मागितली.

तालमूदच्या सोता भागात रब्बी सिमलाई म्हणतात, तोरेचा आरंभ गेमिलूत हसादीमने होतो आणि शेवटही. आरंभी देव आदाम-हव्वेला कातड्याचे कपडे करून घालतो आणि शेवटी मोशेला स्वतः पुरतो. रानवाट, तुम्ही ‘देवाचं हेसेद’ म्हणालात, त्याचं हे सगळ्यात साधं चित्र: उघड्याला कपडा देणारा आणि मेलेल्याला माती देणारा देव.

संदेष्टा होशेयचं ६:६ हे वचन अजून कसं आलं नाही? ‘मला हेसेद हवं, यज्ञ नको.’ इ.स. ७०मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. नंतर एकदा रब्बी यहोशुआ ते भग्न मंदिर पाहून रडले, आता पापाचं प्रायश्चित्त कुठे करायचं म्हणाले. त्यांचे गुरू योहानान बेन जक्काई म्हणाले, बाळ, दुःख करू नकोस, आपल्याकडे तितकंच मोलाचं दुसरं प्रायश्चित्त आहे, गेमिलूत हसादीम. आणि त्यांनी होशेयचं हेच वचन सांगितलं.

उंबरठा

नवगावची नात, हे वाचून अंगावर काटा आला. नव्या करारातल्या मत्तयाच्या पुस्तकात येशू हेच वचन दोनदा सांगतो, एकदा जकातदारांच्या पंगतीला बसल्यावर आणि एकदा शब्बाथला, विश्रांतीच्या दिवशी, कणसं मोडण्यावरून. मंदिर पडल्यानंतर दोन समाज आपापल्या वाटेने गेले आणि दोघांनीही जाताना होशेयचं एकच वचन बरोबर घेतलं.

सुभाषित

तीन गोष्टी.

एक, हे वाचताना मला ‘ब्रीद’ आठवत राहिलं. आपले संत विठ्ठलाशी भांडतात ते याच जोरावर. पतितपावन हे तुझं ब्रीद आहे, तू स्वतः मिरवतोस, मग आता पाळ. भक्त स्वतःच्या पुण्याचा दाखला देत नाही, देवाला त्याच्याच बिरुदाची आठवण देतो. स्तोत्रांतला ‘तुझ्या हेसेदसाठी मला वाचव’ हा सूर तोच नाही का?

दोन, लेवीय २०:१७. बहीण-भावाच्या निषिद्ध संबंधाबद्दलचं वचन, आणि तिथे ‘हेसेद हू’ असं म्हटलंय! भाषांतरात ‘लज्जास्पद गोष्ट’. हा काय प्रकार आहे?

तीन, करकोच्याला हिब्रूत ‘हसीदा’ म्हणतात हे खरं का?

रानवाट

सुभाषित, ब्रीद अगदी चपखल. एक फरक मात्र दिसतो. ब्रीद हे देवाने सगळ्या जगापुढे मिरवलेलं बिरुद आहे. स्तोत्रांत देवाने ठरावीक लोकांना, ठरावीक प्रसंगी शब्द दिलेला असतो, आणि स्तोत्रकर्ता तो प्रसंग नाव घेऊन काढतो.

लेवीयबद्दल: बहुतेक अभ्यासक तो वेगळा, फक्त उच्चाराने सारखा शब्द मानतात. अरामीत त्याचं भावंड आहे, अर्थ लाज किंवा निंदा. नीतिसूत्रे १४:३४मध्येही तोच आहे. राशीसुद्धा तिथे अरामीकडेच बोट दाखवतो. पण त्याबरोबर तो एक जुना मिद्राशही (रब्बींचं कथारूप भाष्य) देतो: आदामाचा मुलगा काइन याने बहिणीशी लग्न केलं, कारण तेव्हा दुसरी माणसं नव्हती आणि ८९व्या स्तोत्रात म्हटलंय, ‘जग हेसेदने बांधलं जाईल’. व्याकरणाच्या दृष्टीने पहिलं उत्तर पुरेसं आहे.

करकोच्याचं नवगावची नात यांनी सांगावं.

नवगावची नात

हो, हसीदा म्हणजे करकोचा. तालमूदच्या हुल्लीन भागात विचारलंय की याचं नाव हसीदा का? कारण तो आपल्या सोबत्यांशी हेसेद करतो. पण लेवीय ११मध्ये हाच पक्षी खाण्यास निषिद्ध, अशुद्ध! इतका गुणी पक्षी अशुद्ध का, यावर हसीदी गुरूंच्या परंपरेत एक उत्तर आहे: तो ‘आपल्या सोबत्यांशीच’ हेसेद करतो म्हणून. त्रिज्या, टोळीपुरत्या आपलेपणावर तुम्ही जे बोललात, ते आमच्या लोकांनी या करकोच्याच्या निमित्ताने स्वतःलाच सांगून ठेवलंय.

त्रिज्या

हे उत्तर आवडलं, मनापासून. तरी निर्गम ३४ पुढे वाचा. हजारोंसाठी हेसेद राखणारा तोच देव पुढच्या श्वासात म्हणतो की बापांच्या अपराधाचा जाब मुलांकडून, नातवंडांकडून, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेईन. हे कसं पचवायचं?

नवगावची नात

आमची प्रार्थना काय करते ते सांगते. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाआधीच्या सलीहोत (क्षमायाचनेच्या) प्रार्थनांत आणि त्या दिवशीही आम्ही या वचनातले देवाचे तेरा गुण पुन्हा पुन्हा म्हणतो. मूळ वाक्य आहे ‘वेनाक्के लो येनाक्के’, म्हणजे तो अपराध्याला मुळीच निर्दोष ठरवत नाही. प्रार्थनेत आम्ही ‘वेनाक्के’वर थांबतो. तिथे तोडलं की अर्थ होतो ‘आणि निर्दोष ठरवतो’. पिढ्यांचा जाब त्यापुढचा आहे, तो आम्ही म्हणतच नाही. हे वाक्य मधेच तोडायचं धाडस कुठून आलं? तालमूदमध्ये रब्बी योहानान म्हणतात की देवाने प्रार्थना चालवणाऱ्यासारखी शाल पांघरून मोशेला हा क्रम शिकवला आणि सांगितलं, इस्राएलने पाप केलं की हे म्हणा, मी क्षमा करीन. म्हणजे त्याच्याकडे कसं मागायचं, हे त्यानेच शिकवलंय.

रानवाट

बायबलाच्या आतही हे चालू आहे. ‘गणना’ पुस्तकाच्या १४व्या अध्यायात देव लोकांना संपवायला निघतो, तेव्हा मोशे सीनायवरचे तेच शब्द त्याला ऐकवतो: तूच म्हणालास ना, हेसेदने भरलेला? मग तुझ्या हेसेदच्या थोरवीप्रमाणे क्षमा कर. यहेज्केल १८ तर मुलाने बापाचं पाप वाहावं ही कल्पनाच नाकारतो. पिढ्यांच्या वाक्याशी बायबल स्वतःच झगडतंय.

आणि याच शब्दावर चिडलेला माणूस म्हणजे संदेष्टा योना. देवाने त्याला अश्शूरच्या नीनवे शहरात जायला सांगितलं होतं. नीनवेला क्षमा मिळाल्यावर तो संतापून म्हणतो, मला माहीतच होतं तू ‘राव हेसेद’ आहेस, म्हणून तर मी तार्शीशला पळत होतो! अश्शूर म्हणजे त्याच्या लोकांचा काळ. हेसेद आपल्यासाठी गोड वाटतं, शत्रूच्या वाट्याला गेलं की कडू. देव त्याला शिक्षा करत नाही. विचारतो की ज्या शहरात एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्याची मी पर्वा करू नये का? पुस्तक या प्रश्नावरच संपतं.

उंबरठा

आमच्या मंडळीत पुढच्या महिन्यात रूथ वाचायला घेतोय. हा धागा छापून नेऊ का?

रानवाट

जरूर न्या. दुसऱ्या अध्यायाच्या २०व्या वचनावर मात्र थांबा. नामी म्हणते, ‘ज्याने जिवंतांशी आणि मेलेल्यांशी आपलं हेसेद सोडलं नाही’. हिब्रू वाक्यात ‘ज्याने’ म्हणजे परमेश्वर की बवाज, हे स्पष्ट होत नाही. मराठी प्रतीत एक बाजू घेतलेली असेल तर लोकांना दुसरीही सांगा. माझ्या मते ते वाक्य मुद्दाम तसं ठेवलंय.

त्रिज्या

शेवटचा प्रश्न विचारते, हुज्जत म्हणून नाही. हक्काने मागायचं म्हणता. मागून आलं नाही तर?

रानवाट

तर ८९वं स्तोत्र. सुरुवात ‘परमेश्वराची हेसेदं मी सदा गाईन’ अशी. मग दावीदला दिलेलं वचन सविस्तर येतं, तुझं सिंहासन सूर्यासारखं टिकेल वगैरे. आणि मध्येच सूर पालटतो: पण तू तर त्याला टाकलंस, त्याचा मुकुट धुळीत मिळवलास, कोट पाडलेस. शेवटी थेट सवाल: ‘प्रभू, दावीदला शपथेवर दिलेली ती पूर्वीची हेसेदं कुठे आहेत?’ उत्तर येत नाही. आज तिथे जे धन्यवादाचं शेवटचं वचन दिसतं, ते स्तोत्रसंहितेच्या तिसऱ्या भागाचं समापन आहे, त्या सवालाचं उत्तर नव्हे. केवळ दया मागणारा असं विचारू शकत नाही. ज्याला शब्द मिळालाय तोच ‘कुठे आहे’ म्हणून विचारतो, आणि ज्यांनी हा ग्रंथ पवित्र मानून जपला त्यांनी हा सवालही प्रार्थना म्हणूनच जपला.

नवगावची नात

त्याला जोडून विलापगीत ३:२२. मंदिर पडल्याच्या स्मरणाला, तिशा बेआवच्या रात्री, आम्ही जमिनीवर बसून हे पुस्तक वाचतो. त्यात आहे ‘हस्दे अदोनाय की लो तामनू’. हिब्रू जसं लिहिलंय तसं घेतलं तर अर्थ होतो, परमेश्वराच्या हेसेदमुळे आपण संपलो नाही. काही जुनी भाषांतरं एका अक्षराच्या फरकाने ‘ताम्मू’ असं वाचतात, मग अर्थ होतो, परमेश्वराची हेसेदं संपलेली नाहीत. आमच्या घरी आजोबा पहिलाच अर्थ सांगायचे. तोच मी मुलांना सांगते.